निर्व्याज मुक्काम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात एक रात्र राहून आलो. शाळा सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये हे सांगितले, तेव्हा क्षणभर कुणीच काही बोलले नाही. शिक्षकाचा पगार किती असतो हे बाकी कुणाला नसले तरी शिक्षकांना बरोबर माहीत असते. मग एका सहकाऱ्याने विचारले, “सर, लॉटरी लागली काय?” मी म्हटले, “नाही, क्रेडिट कार्डाचे पॉइंट होते. एक रुपया लागला नाही.”

हे उत्तर देताना मला थोडा अभिमान वाटत होता, हे लपवत नाही. पण ते उत्तर खरे नव्हते. का नव्हते, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी पगार जमा होतो त्या बँकेने मला कार्ड देऊ केले. घ्यावे की घेऊ नये, यावर मी बरेच दिवस विचार केला. याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. काहींचे म्हणणे असे की, कार्डाच्या करारातच व्याजाची अट मान्य करावी लागते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नये. काही म्हणतात की, मुदतीच्या आत पूर्ण रक्कम भरायची पक्की तयारी असेल आणि व्याज लागूच दिले नाही, तर हरकत नाही. मी दुसरे मत धरले. बिलाची सगळी रक्कम ठरल्या तारखेला पगाराच्या खात्यातून आपोआप कापली जावी, अशी सोय करून ठेवली. सहा वर्षांत व्याजाचा एक पैसा भरला नाही. त्याचाही मला अभिमान होता.

एकट्या शिक्षकाच्या खर्चाने पॉइंट साठत नाहीत. पण आमच्या वाडीत कार्ड असलेली माणसे थोडी. कुणाला फ्रिज घ्यायचा, कुणाला उमऱ्याची विमानाची तिकिटे काढायची, कुणाच्या मुलीची कॉलेजची फी ऑनलाइन भरायची, की लोक माझ्याकडे यायचे. ते मला रोख पैसे देत, मी कार्ड चालवत असे. माझ्या घराच्या फरश्या, नळ, रंग, सगळे त्याच कार्डावर. अशी सहा वर्षांत साधारण २० लाखांची उलाढाल त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावरून झाली. दर १०० रुपयांना २ पॉइंट, म्हणजे ४० हजार पॉइंट. हॉटेलसाठी वापरले तेव्हा एका पॉइंटचे सुमारे ४५ पैसे पडले. म्हणजे १८ हजार रुपयांची खोली. त्या खोलीवर १८ टक्के जीएसटीही आला, कारण रात्रीला साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला तेवढा कर लागतो. पण तोही पॉइंटांतच बसला.

बीएडला असताना मानसशास्त्राच्या पेपरात आम्ही ‘प्रबलन’ शिकलो होतो. स्किनरचे कबुतर चोचीने बटण दाबते, दाणा मिळतो, म्हणून पुन्हा दाबते. पहिलीच्या मुलांच्या वहीवर आम्ही चांदणी चिकटवतो तीही त्यातलीच. मोठ्या माणसांना चांदण्या देण्याची कल्पना अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी १९८१ च्या सुमारास जोरात राबवली. दोनच वर्षांत तिथल्या मोठ्या हॉटेल कंपन्यांनी ती उचलली आणि पुढे बँकांनी. त्याला नाव दिले ‘लॉयल्टी’. उर्दूत आपण वफादारी म्हणतो. गंमत अशी की हे सगळे माहीत असूनही, प्रत्येक खरेदीनंतर मोबाइलवर पॉइंट वाढलेले बघताना मला कबुतराइतकाच आनंद होत असे.

तर अम्मीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन मुंबईत झाले होते आणि एक महिन्याने डोळा दाखवायला जायचे होते. एरवी आम्ही डोंगरीत नाही तर मुंब्र्याला नातेवाइकांकडे उतरतो. पण बँकेकडून निरोप आला होता की, पॉइंट मार्चअखेर वापरले नाहीत तर रद्द होतील. बायको म्हणाली, “मिक्सर घ्या, आपला जुना झालाय.” मी म्हटले, मिक्सर केव्हाही घेऊ. अब्बांनी ज्या समुद्रावरून २६ वर्षे बोटीवर नोकरी केली, तो अम्मीला एकदा नीट, खुर्चीत बसून दिसू दे. डोळाही आता नवा आहे.

कोकणकन्येने पहाटे मुंबईत उतरलो, दवाखाना आटोपला आणि दुपारी अडीचच्या सुमारास टॅक्सीने अपोलो बंदराच्या बाजूच्या त्या हॉटेलपाशी पोचलो. हॉटेलचे नाव सांगत नाही, जाहिरात करायची नाही. दारात बॅगा यंत्रातून तपासतात. नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत ते असतेच आणि असायलाच हवे. माझी दाढी, बायकोचा बुरखा, अम्मीच्या हातातली कापडी पिशवी. काही विचारलेच तर म्हणून आरक्षणाचा कागद, आधार कार्ड आणि शाळेचे ओळखपत्र मी टॅक्सीतच वरच्या खिशात काढून ठेवले होते. कुणी काही विचारले नाही. पिशवी परत देताना पहारेकरी एवढेच म्हणाला, “मावशी, पायरी आहे, सांभाळून.” विचारले कुणी नाही हे खरे, आणि मी तयारी करून गेलो होतो हेही खरे. माझ्या काही वाचकांना हे दुसरे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

खोलीत दोन पलंग होते, तिसऱ्या माणसाच्या बिछान्याचे पैसे वेगळे भरले. म्हणजे ‘एक रुपया लागला नाही’ हे तसेही खोटेच. फ्रिजमध्ये दारूच्या छोट्या बाटल्या होत्या. मी खाली फोन करून त्या नेता येतील का, असे विचारले. पाच मिनिटांत एक मुलगा आला, बाटल्या काढल्या आणि जागी पाण्याच्या बाटल्या ठेवून गेला. कुणाला जायचे असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा, मागितले तर करतात. कपडे धुण्याच्या दरांचा कागद मात्र बायकोने वाचला आणि उलटा करून ठेवला.

अम्मीने वुजू केला, पिशवीतून जानमाज काढली आणि खिडकीतल्या समुद्राकडे तोंड करून अंथरली. मी म्हटले, “अम्मी, किबला इकडे, दाराकडे.” ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचे बरोबर होते. आम्हा कोकणातल्या माणसांना समुद्र म्हणजे पश्चिम. सूर्य त्यात बुडतो आणि नमाजही त्याच बाजूला. पण अपोलो बंदरावरून दिसतो तो मुंबई बंदराचा समुद्र, शहराच्या पूर्वेला. पलीकडे मांडवा आणि रायगडचे डोंगर. सत्तर वर्षांच्या बाईला समुद्राकडे पाठ करून नमाज पढायची वेळ पहिल्यांदाच आली. प्रवासात होतो म्हणून जोहरचे फर्ज चाराचे दोनच, कसर. सलाम फेरल्यावर तिने मागे वळून समुद्र आहे ना, हे बघितले.

मग पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी निघाली. मी म्हटले, इथे वास सुटेल. अम्मी म्हणाली, “सुटू दे. समुद्राच्या शेजारी राहतात, त्यांना सुकटीचा वास माहीत नसेल?” आम्ही तिघांनी चकचकीत काचेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जेवण केले.

संध्याकाळी अम्मी खिडकीशी खुर्ची ओढून बसली. गेटवेवरून एलिफंटाच्या लाँची परत येत होत्या. दूर बोटी नांगर टाकून उभ्या होत्या, त्यांचे दिवे एकेक करून लागत होते. ती म्हणाली, अब्बांनी लग्नानंतर एकदा तिला मुंबई दाखवली होती, तेव्हा खाली त्या कठड्यावर बसून दोघांनी चणे खाल्ले होते आणि ह्या दिव्यांच्या खिडक्या बघितल्या होत्या. मला वाटले, आता ती रडेल. ती म्हणाली, “बाहेरून जास्त चांगलं दिसतं. आतून फक्त समोरचं दिसतं.”

“तेव्हा तुम्ही राहिलात कुठे?” बायकोने विचारले.

“ते जमातीच्या खोलीत, मी मावशीकडे. तिथे बायकांना कुठली जागा?”

जमातीची खोली मी लहानपणी एकदा पाहिली आहे. आमच्या गावच्या जमातीची डोंगरीत एक खोली होती, जहाजावर जाणाऱ्या गावकऱ्यांसाठी. भिंतीला लागून ज्याच्या त्याच्या पेट्या, वर दोरीवर लुंग्या, कोपऱ्यात एक स्टोव्ह. बोटीवरून उतरलेला आणि बोटीवर चढायचा तिथे राही. अम्मीने त्या संध्याकाळी त्याचा हिशेब सांगितला, तो मला माहीत नव्हता. अब्बा आठ-आठ महिने समुद्रावर असत, पण खोलीची वर्गणी दर महिन्याची. ते असोत वा नसोत. आणि ज्याला बोट मिळालेली नाही, कामाच्या शोधात जो बसून आहे, त्याच्याकडे वर्गणी मागायची नाही. तो राहणार, जेवणार. बोट मिळाली की मग तो भरायला लागणार. “एकदा तुझे अब्बा अकरा महिने बसून होते,” अम्मी म्हणाली, “तेव्हा लोकांनीच सांभाळले.”

मग तिने मला विचारले, “इथं पैसे न देता कसं राहू देतात?”

मी शिक्षक माणूस, समजावून सांगितले. कार्ड, खरेदी, पॉइंट, हॉटेल. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे वर्गणीच. पण भरतो कोण?”

मी सांगायला सुरुवात केली. आमच्या बाजारातल्या फरशीवाल्याने मला हे फार पूर्वी सांगितले होते. मी कार्ड पुढे केले तेव्हा तो म्हणाला होता, “सर, कार्डावर दोन टक्के जादा पडतील. बँक माझ्याकडून तेवढे कापते. तुमचे पॉइंट माझ्या खिशातून जातात.” तेव्हा मी त्याच्याशी वाद घातला होता. सरासरी दोन टक्के धरले, तर माझ्या २० लाखांवर वेगवेगळ्या दुकानदारांचे ४० हजार कापले गेले आणि त्यातले १८ हजार मला खोलीच्या रूपाने मिळाले. दुकानदार ते पैसे मालाच्या किमतीत मिळवतो. म्हणजे त्याच दुकानात रोखीने घेणाऱ्या माणसानेही थोडी वर्गणी भरली, ज्याला कुठलेच पॉइंट मिळत नाहीत. आणि...

“आणि माझा भाऊ,” बायको म्हणाली.

खोली शांत झाली. अम्मीला ती गोष्ट माहीत नव्हती. मला होती.

माझा मेहुणा मुंब्र्याला मोबाइल दुरुस्त करतो. दीड वर्षापूर्वी त्याच्या बायकोचे बाळंतपण अवघड झाले, सिझर करावे लागले, बाळाला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवले. दवाखान्याचे ६० हजार त्याने कार्डावर भरले. पुढच्या महिन्यात बिल आले, त्यात दोन आकडे होते. एक पूर्ण रकमेचा आणि दुसरा ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे कमीत कमी एवढे तरी भरा, तीन हजारांच्या आसपास. त्याला वाटले, हप्ता आहे. तो तेवढेच भरत राहिला. हा हप्ता नसतो. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते, त्याच्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. बिलाच्या पाच टक्के भरायचे, त्यातले चार टक्क्यांहून जास्त व्याज-करातच जायचे. अठरा महिन्यांत त्याने सुमारे ५० हजार भरले होते आणि बाकी होती ४९ हजार.

हे त्याने मला ईदला सांगितले होते. तेव्हा मी काय केले? मी त्याला व्याजावर प्रवचन दिले. सूद कसा हराम आहे, बिलावरची बारीक अक्षरे का वाचायची, मी बघ कसा पूर्ण रक्कम भरतो. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याने माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. मागण्याची संधी मी दिलीच नव्हती.

“तुम्ही व्याज देत नाही, हे बरोबर,” बायको हळू आवाजात म्हणाली. “पण बँकेला तुमच्यासारख्यांकडून काय मिळतं? ती जगते कुणावर? माझ्या भावासारख्यांवर. मग त्या पॉइंटांत त्याचे पैसे नाहीत?”

मी म्हटले, त्याची बँक वेगळी आहे.

“हो,” ती म्हणाली, “पण माझ्या भावासारखे तुमच्या बँकेतही असतील. आणि त्यांनाही भावजी असतील, प्रवचन देणारे.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजून नाही. कार्ड वापरणे जायज की नाजायज हा प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी सोडवून मोकळा झालो होतो. मी व्याज देत नाही, घेत नाही, एवढे पाहिले की माझा हिशेब संपत होता. पण जमातीच्या खोलीचा हिशेब ऐकल्यावर माझा हिशेब उलटा वाटायला लागला. तिथे ज्याला बोट मिळाली होती तो भरायचा, म्हणून बेकार माणूस झोपू शकायचा. इथे बोट न मिळालेला भरतो, म्हणून पगारदार माणूस मऊ गादीवर झोपतो. आणि तिथे वर्गणी भरणाऱ्याचे नाव वहीत असायचे. कुणी भरले ते झोपणाऱ्याला ठाऊक असायचे, तो दुआ द्यायचा. मी कुणाला दुआ देणार होतो?

आपण मराठीत सहज ‘मोफत’ म्हणतो. तो फारसीतला ‘मुफ्त’. शब्द आपल्याकडे आला, पण वस्तू तशी कुठेच मिळत नाही. कुणीतरी दिलेले असते, एवढेच.

त्या रात्री गादी इतकी मऊ होती की अम्मीला झोप लागेना. शेवटी ती गालिच्यावर चादर अंथरून झोपली. बायको आणि मी बराच वेळ जागे होतो. भांडण नव्हते. आम्ही आकडे मांडत होतो. परसदाराला चिऱ्याचे कुंपण घालायचे म्हणून ५५ हजार बाजूला ठेवले होते. गुरे आत शिरतात, अम्मीची मिरचीची रोपे खातात, म्हणून. पावसाळ्यापर्यंत कुंपण झाले नाही तर काय होईल? गुरे आत शिरतील.

फजरच्या नमाजेनंतर अम्मीने मला हाक मारली. खिडकीत सूर्य पाण्यातून वर येत होता. आम्ही आयुष्यभर तो पाण्यात जाताना बघितला, येताना कधी बघितला नव्हता. ती बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “तुझे अब्बा पत्रात लिहायचे, बोटीवर समुद्र चारही बाजूंना असतो, किबला कप्तानाला विचारावा लागतो.” बस, एवढेच.

नाश्त्याला किती तरी पदार्थ मांडले होते. कशात काय आहे हे विचारण्यापेक्षा आम्ही अंडी, इडली आणि पोहे घेतले. वाढणाऱ्या मुलाने अम्मीला स्वतःहून चहा करून आणून दिला, आले घालून. तिने त्याला गाव विचारले, लग्न झाले का विचारले, दुआ दिली. चला, एक तरी माणूस सापडला, असे मला वाटले.

परत येताना मुंब्र्याला उतरलो. मेहुण्याच्या घरी मी कुठलेच प्रवचन दिले नाही. ईदच्या दिवसाबद्दल माफी मागितली. ते त्याला पैशांपेक्षा जास्त अवघड गेले असावे, कारण तो उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. कार्डाची ४९ हजारांची बाकी आम्ही एकदम भरली आणि बँकेला पत्र लिहून त्याचे कार्ड बंद केले. भरलेल्या रकमेची पावती आणि कार्ड बंद झाल्याचे पत्र दोन्ही घेतले. वाचकांपैकी कुणी अशा फेऱ्यात असेल तर हे दोन कागद विसरू नका. आणि फेऱ्यात असलेल्या कार्डावर नवीन काही घेऊ नका. जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू असतो. घरातल्या कुणाला सांगा. लाज वाटली तरी सांगा. आणि ज्याला कुणी सांगेल, त्याने आधी ऐकून घ्या.

मेहुणा आता मला महिन्याला ३ हजार देतो. पूर्वी बँकेला देत होता जवळपास तेवढेच, पण आता प्रत्येक रुपयाने कर्ज तेवढेच कमी होते. सतराव्या महिन्यात संपेल. आपल्याकडे याला कर्ज-ए-हसना म्हणतात. यात मला कुठले पॉइंट मिळत नाहीत. कुंपण अजून झालेले नाही, आणि गुरे आत शिरतात.

मी कार्ड फेकून दिले का? नाही. तिकिटे काढायला, फी भरायला लोक अजून येतात. पण बाजारात फरशीवाल्याकडे, किराणावाल्याकडे मी आता रोख देतो. याने जग बदलत नाही, माझा वाद मात्र मिटला आहे.

शेवटी एक वर्गातली गोष्ट. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. ‘निर्व्याज’ हा शब्द दरवर्षी अडतो. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे कपट, बहाणा. म्हणून निर्व्याज प्रेम म्हणजे कपट नसलेले, निर्मळ प्रेम. पण मुलांना व्याज म्हणजे बँकेचेच माहीत. दरवर्षी कुणीतरी लिहितेच, ‘निर्व्याज प्रेम म्हणजे व्याज न घेता केलेले प्रेम.’ मी त्याला लाल फुली मारायचो आणि स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचो, सगळे हसायचे.

या सहामाहीच्या पेपरात ते उत्तर पुन्हा आले. नियमाप्रमाणे ते चूकच आहे, पूर्ण गुण देता येत नाहीत. मी अर्धा गुण दिला.